अंगावर काढायची हौस

"बारीक ताप आहे रे, पण कॉल घेतो मी."

हे वाक्य गेल्या महिन्याभरात किती वेळा कानावर आलं ते जरा आठवून बघा. म्हणणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते, उलट थोडी ऐटच असते. ऐकणारेही "अरे आराम कर ना बाबा" एवढं तोंडदेखलं बोलतात आणि पुढच्या मिनिटाला त्याच्याच नावावर दोन तिकिटं टाकतात. संध्याकाळी हाच महाभाग तापाची गोळी घेऊन जिममध्ये जातो. का, तर म्हणे घाम आला की ताप उतरतो!

मराठीत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे. आजार अंगावर काढणं. आणि आपल्याकडे तो कौतुकाने वापरला जातो. "एक सुट्टी घेतली नाही पठ्ठ्याने, सगळं अंगावर काढलं." आमच्या धंद्यात तर हे अप्रेझलमध्ये लिहायचंच काय ते बाकी राहिलंय. माझं म्हणणं सरळ आहे. यात कौतुक करण्यासारखं काहीही नाही. हा अडाणीपणा आहे, आणि तो शिकलेल्या माणसांनी चालवलेला अडाणीपणा आहे म्हणून जास्त संताप येतो. कारण अंगावर काढलेला आजार कधी कधी हृदयावर निघतो. त्या प्रकाराला मायोकार्डायटिस म्हणतात, हृदयाच्या स्नायूचा दाह. आणि तो ज्यांना होतो त्यांत तुमच्या-माझ्या वयाचे लोक भरपूर असतात, त्यातही पुरुष जास्त.

आता हा शब्द ऐकल्यावर निम्म्या लोकांची पहिली प्रतिक्रिया काय असते? "म्हणजे ब्लॉकेज का?"

नाही हो. इथेच तर सगळी गोची आहे. आपल्या समाजाला हृदयाबद्दल एकच गोष्ट माहीत आहे. पाइप तुंबतो, मग अँजिओप्लास्टी करतात, स्टेंट टाकतात, तेल-तूप बंद करतात. प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांना दोन स्टेंट बसलेत, आणि त्यांच्यामुळे सगळं खानदान स्वतःला हृदयतज्ज्ञ समजतं. पण हृदय म्हणजे नुसते पाइप नव्हेत, मुळात तो पंप आहे. मुठीएवढा स्नायूचा गोळा, दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावणारा. पाइप अगदी स्वच्छ असले तरी पंपच सुजला तर? कोलेस्टेरॉल उत्तम, शुगर उत्तम, वजन आटोक्यात, आणि तरीही पंप नीट चालत नाही. मायोकार्डायटिस म्हणजे हे.

होतं कसं ते समजून घेऊ, कारण ते समजलं तर पुढचा माझा आरडाओरडा पटेल.

बऱ्याचदा सुरुवात साध्या व्हायरसने होते. घसा, सर्दी, ताप किंवा पोट बिघडणं. यातला एक जुना गुन्हेगार म्हणजे कॉक्सॅकी बी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॉक्सॅकी नावाचं एक छोटं गाव आहे, तिथल्या रुग्णांच्या नमुन्यांत १९४८ च्या सुमारास हे व्हायरस पहिल्यांदा सापडले म्हणून हे नाव. शिवाय ॲडिनोव्हायरस, पार्व्होव्हायरस, इन्फ्लुएंझा, आणि २०२० पासून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा कोविड. आपल्याकडे डेंग्यूतही हृदयाचा स्नायू सुजू शकतो. घटसर्पाचं विष तर यासाठी कुप्रसिद्धच, म्हणून लहानपणी ती लस टोचतात. व्हायरस सोडून इतरही कारणं आहेत, काही औषधं, शरीराने स्वतःवरच उलटणं वगैरे, पण ती आज बाजूला ठेवू.

व्हायरस हृदयाच्या पेशीत शिरला की तिथे थेट नुकसान करतो. हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात आपली प्रतिकारशक्ती त्याच्यामागे धावून येते, आणि खरा राडा पुष्कळदा इथे होतो. अँटिव्हायरसने व्हायरस पकडताना चार सिस्टिम फाइल्सही डिलीट कराव्यात, तसं काहीसं. बहुतेक लोकांमध्ये ही साफसफाई थोडक्यात आटपते आणि हृदय पूर्ववत होतं. काही जणांमध्ये मात्र मारामारी संपतच नाही, किंवा संपली तरी मागे व्रण राहतो. हृदयाचे ठोके विजेच्या संदेशावर चालतात, आणि व्रण पडलेल्या भागातून हा संदेश नीट जात नाही. मग ठोका भलत्याच वाटेने फिरायला लागतो. पळता पळता धाडकन कोसळलेल्या तरुणांच्या बातम्यांपैकी काहींच्या मागे हे असतं. आणखी काही जणांचं हृदय हळूहळू फुग्यासारखं ताणलं जातं आणि कायमचं कमजोर होतं.

"पण शरीर भरून काढतंच की!" हो, कातडी भरून येते, हाड जुळतं, लिव्हरसुद्धा बरंच वाढतं. हृदयाचं तसं नाही. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये फार भन्नाट युक्तीने हे मोजलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता, तो माणसांच्या पेशींतल्या डीएनएत उतरला, आणि त्यावरून पेशी कधी जन्मली याची तारीख काढता आली. निष्कर्ष काय? पंचविशीत हृदयस्नायूच्या वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, आणि पंचाहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. म्हणजे जन्माला येताना मिळालेलं हार्डवेअर जवळपास तेच शेवटपर्यंत चालवायचंय. बॅकअप नाही, फेलओव्हर नाही, स्पेअर पार्ट सहजासहजी मिळत नाही. ज्या सर्व्हरला बॅकअप नाही त्याच्यावर ऐन बिघाडाच्या वेळी कुणी लोड टेस्ट करतं का? आपण करतो. वर तिला फिटनेस म्हणतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे तापात व्यायाम. १९७० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. उंदरांना कॉक्सॅकी बी-३ ची लागण केली आणि त्यातल्या काहींना पोहायला लावलं. पोहणाऱ्या उंदरांच्या हृदयात व्हायरस शेकडो पटींनी जास्त वाढला आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. ठीक आहे, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मग माणसांचं बघा. स्वीडनमध्ये ओरिएंटियरिंग हा लोकप्रिय खेळ आहे, नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून पळायचं. १९७९ ते १९९२ या काळात तिथले १६ तरुण ओरिएंटियर अचानक गेले, १५ पुरुष आणि १ मुलगी. तपासणीत अपेक्षेपेक्षा जास्त जणांच्या हृदयात मायोकार्डायटिस सापडला. मग तिथल्या मंडळींनी खेळाडूंच्या सरावाच्या सवयी आणि मानसिकता बदलायची मोहीम घेतली. त्यानंतरची साडेतीन वर्षं तरुण ओरिएंटियरमध्ये असा एकही मृत्यू झाला नाही. याला गणिती सिद्धता म्हणता येणार नाही. पण सवय बदलणं हा केवढा स्वस्त उपाय आहे बघा. कसली मशिन नाही, महागडं औषध नाही.

आणि आपण काय करतो? जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. डिसेंबर-जानेवारीत निम्मं ऑफिस खोकत असतं. सहा महिने तयारी केलेली, बिब घेतलेला, टी-शर्टचा फोटो टाकून झालेला... मग १०१ ताप असला तरी "बघू, एक गोळी टाकून पळतो". पावसाळ्यात पुण्यात घरोघरी व्हायरल आणि डेंग्यू, आणि तेव्हाच ढोल-ताशा पथकांचा सराव ऐन रंगात. कमरेला ढोल बांधून तास-तासभर वाजवणं हा काही हलका व्यायाम नाही, पण "पथकात नाव कापलं जाईल" म्हणून तापातही पोरं उभी. रविवारी सिंहगड चुकला की काहींना आठवडा सुना सुना वाटतो. या सगळ्या गोष्टी मला मनापासून आवडतात, म्हणूनच सांगतोय. गोळीने ताप उतरतो, व्हायरस उतरत नाही. अलार्म म्यूट केला म्हणजे बग फिक्स झाला असं आपण प्रॉडक्शनमध्ये मानत नाही, मग स्वतःच्या शरीरात का मानतो?

आमच्या टीममधल्या एकाची गोष्ट सांगतो. वय २८, सिगरेट नाही, आठवड्यातले चार दिवस जिम. मंगळवारपासून ताप, गुरुवारी रिलीज. सुट्टीचा मेसेज टाकला तर उत्तर आलं, "टेक केअर, घरून लॉगिन करशील ना?" केलं त्याने. रात्री दोनपर्यंत डिप्लॉयमेंट. रविवारी बरं वाटलं म्हणून गड चढला. सोमवारी पहाटे छातीत दुखायला लागलं. ईसीजी बदललेला, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं (हे प्रोटीन हृदयस्नायूच्या आत असतं, पेशीला इजा झाली की रक्तात सांडतं, त्याला क्रॅश लॉग समजा). अँजिओग्राफी केली तर नळ्या एकदम स्वच्छ. त्याचे वडील बिचारे आनंदले. म्हणाले, "ब्लॉकेज नाही ना? मग सोडा घरी." डॉक्टरांनी समजावून एमआरआय केला तेव्हा स्नायूतली सूज दिसली. पहिल्या एकोत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला मुख्य कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते, ४० होतं. निरोगी माणसात ते साधारण ५५ च्या वर असतं. आणि वॉर्डमध्ये असताना ऑफिसचा मेसेज काय? "गेट वेल सून. केटी कधी देऊ शकशील?"

आज तो ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, कामावर आलाय, पण जिना चढताना त्याची आई अजून त्याच्या मागे उभी राहते. गड चढल्यामुळेच हे झालं असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, आणि मीही सांगत नाही. व्हायरस तर त्याच्याशिवायही काम करून गेला असता कदाचित. पण त्या आठवड्यात त्याला कुणीही "पडून राहा" असं ठामपणे म्हटलं नाही, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो. म्हणायला हवं होतं अशा प्रत्येकाचा काही ना काही फायदा त्याच्या लॉगिनमध्ये होता.

आता तुमच्या फॅमिली ग्रुपवरचा लाडका विषय. "हे सगळं त्या लसीमुळे!"

इथे दोन्ही टोकांच्या लोकांचा मला कंटाळा आलाय. एक टोक म्हणतं, लसीचा आणि मायोकार्डायटिसचा काडीचा संबंध नाही. खोटं. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींनंतर, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये आणि दुसऱ्या डोसनंतर, क्वचित मायोकार्डायटिस होतो, हे २०२१ मध्येच समोर आलं. अमेरिकेत जून २०२१ मध्ये तशी सूचना लसीवर छापली गेली, ऑक्टोबरात स्वीडनने तरुणांसाठी मॉडर्ना थांबवली. इस्रायलमधल्या एका मोठ्या अभ्यासात लस घेतलेल्या दर लाख लोकांमागे साधारण २ आणि १६ ते २९ वयाच्या पुरुषांत दर लाखामागे साधारण ११ रुग्ण सापडले, बहुतेक सौम्य. दुसरं टोक म्हणतं, भारतात मेलेला प्रत्येक तरुण लसीने मेला. हेही खोटं. एकतर भारतात मुख्यतः कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन टोचली गेली, आणि त्या एमआरएनए लसी नाहीतच. कोव्हिशील्डचा जो दुर्मीळ पण खरा धोका होता तो रक्ताच्या गुठळ्यांचा, तो वेगळा विषय. दुसरं म्हणजे खुद्द कोविडने होणारा मायोकार्डायटिस. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, कोविड झालेल्यांमध्ये तो न झालेल्यांपेक्षा जवळपास १६ पट जास्त आढळला.

आणि आपल्याच आयसीएमआरचा अभ्यास वाचा ना. वरवर निरोगी असलेल्या १८ ते ४५ वयाच्या ७२९ जणांच्या अचानक मृत्यूंची २९१६ जिवंत लोकांशी तुलना, ४७ रुग्णालयं, प्रसिद्ध झाला २०२३ मध्ये. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमी दिसला. धोका कशाकशासोबत वाढलेला दिसला? कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू, नशेचे पदार्थ, आणि आधीच्या ४८ तासांत जोरदार शारीरिक मेहनत. हे सगळे मृत्यू मायोकार्डायटिसचे होते असं त्यात म्हटलेलं नाही, मीही म्हणणार नाही. पण गंमत बघा, लसीचा फॉरवर्ड सगळ्यांपर्यंत पोहोचला, आणि दारू व दमछाकीचा मुद्दा कुणी फॉरवर्ड केला नाही. कारण लसीला शिव्या घालणं फुकट आहे, शनिवारची पार्टी आणि रविवारचा विक्रम सोडणं नाही. :)

आता काही जण म्हणतील, "अरे बाबा, दर लाखात दहा-वीस जणांना होणारा आजार. त्यासाठी प्रत्येक शिंकेला घरी बसायचं का? डेडलाइन कोण बघणार, तू?"

रास्त प्रश्न आहे. बहुतेक ताप हृदयाला हातही न लावता जातात, आणि लॅपटॉपवर टाइप केल्याने हृदय सुजतं असंही नाही. मी फक्त जोखमीचा हिशोब मांडतोय, जो आपण ऑफिसात रोज मांडतो. शक्यता कमी, पण फटका प्रचंड, आणि टाळायचा खर्च चार-पाच दिवसांची विश्रांती. दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये एवढी स्वस्त खबरदारी आपण नाकारली असती? शिवाय कुठला ताप हृदयात उतरणार हे आधी कळत नाही. वार्षिक चेकअपचा गुळगुळीत कागद इथे कामाचा नाही. मार्चमधली नॉर्मल ट्रेडमिल टेस्ट ऑगस्टमधल्या व्हायरसबद्दल काय सांगणार?

राहिला टाइप करण्याचा मुद्दा. त्याचं नुकसान वेगळं आहे. तापात लॉगिन करायची सवय लागली की शरीराचं म्हणणं दुर्लक्षित करायची सवय लागते. मग धाप लागली तरी "स्टॅमिना कमी झालाय", छातीत दुखलं तरी "ॲसिडिटी असेल", धडधडलं तरी "कॉफी जास्त झाली". आणि जेलुसिलवर आणखी दोन दिवस.

वर्क फ्रॉम होम आलं आणि आजारपणाची सुट्टी हळूच मेली, हे कुणी लक्षात घेतलंय का? पूर्वी ताप आला की निदान बसचा प्रवास तरी टळायचा. आता बिछाना आणि डेस्क यांत चार फुटांचं अंतर, त्यामुळे "येऊ शकत नाही" हे कारणच उरलं नाही. कायद्याचंही बघा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, भरपगारी रजा आहे, पण आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही. म्हणजे बाकी सगळं कंपनीच्या मर्जीवर. आणि त्या मर्जीचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. रजा पॉलिसीत असते, पण घेतली की चेहरे बदलतात.

तर मग करायचं काय? माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा जुलाब, यातलं काहीही असेल तर व्यायाम पूर्ण बंद. नुसतं नाक गळत असेल, मानेच्या खाली काही नसेल, तर हलकं चालायला हरकत नाही, असा खेळाडूंमधला एक ढोबळ नियम आहे. ताप गेल्यावरही लगेच जुन्या वजनांवर जाऊ नका, काही दिवस हळूहळू वाढवा. आजारपणात किंवा नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत छातीत दुखलं, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, धडधड झाली, चक्कर येऊन पडलात, तर गूगल करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि "मागच्या आठवड्यात ताप होता" हे आठवणीने सांगा. निदान झालंच तर कामाला आणि खेळाला परत कधी जायचं हे तुमच्या उत्साहाने नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. अनेक वर्षं खेळाडूंसाठी ३ ते ६ महिन्यांचा विराम सांगितला जायचा, अलीकडे ती मुदत रुग्ण आणि तपासण्या बघून ठरवतात. बायर्न म्युनिकचा अल्फान्सो डेव्हिस जानेवारी २०२२ मध्ये कोविडनंतर सौम्य मायोकार्डायटिस निघाल्यावर एप्रिलपर्यंत मैदानाबाहेर होता. कोट्यवधींचा खेळाडू तीन महिने बसू शकतो, आणि आपलं स्प्रिंट थांबू शकत नाही?

मॅनेजर मंडळींना एकच विनंती. ताप आलेल्या माणसाला "लॉगिन करशील ना?" विचारू नका. नुसतं विचारणंसुद्धा दबावच असतो. त्याचा ॲक्सेस दोन दिवस बंद केलात तरी चालेल, दुवा देईल. एकाच माणसाच्या तापाने रिलीज पडत असेल तर तुमचं प्लॅनिंग आजारी आहे, त्याला आधी ॲडमिट करा. मॅरेथॉन आणि ट्रेकवाल्यांनो, आजारी माणसाला पुढच्या वर्षी पळायची सोय द्या, म्हणजे भरलेल्या पैशांसाठी कुणी जीव काढणार नाही. पथकप्रमुखांनो, तापात आलेल्या पोराला घरी पाठवा, आणि त्याचं नाव कापू नका.

आणि आपण सगळ्यांनी निदान एक शब्द सुधारू. पुढच्या वेळी कुणी फुशारकीने सांगितलं की "ताप होता, पण अंगावर काढला", तर वा वा करू नका. सरळ विचारा, "का रे? कुणी सांगितलं होतं?" बघा काय उत्तर देतो ते. बहुधा उत्तर नसेलच.

बाकी, सध्या हवा वाईट आहे. कणकण वाटत असेल तर लॅपटॉप मिटा, मऊ भात-मेतकूट खा आणि झोपा. स्टँडअप कुठे पळून जात नाही.